फॉरेनचा डबा आणि सुकट

शुक्रवार, १५ नोव्हेंबर १९९६

माझं आयुष्य बदललं ते काल, गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, चारुदत्त सरांच्या जिममधल्या वजनकाट्यावर. म्हणून आजपासून ही वही. तशी कॉलेजचीच आहे. पुढची अकरा पानं कॉस्टिंगची होती, ती फाडली. कॉलेजच सोडलं, आता कॉस्टिंग कशाला ठेवायचं.

घडलं ते असं. माझं वजन अठ्ठावन्न किलो भरलं. माझ्यामागून सत्यजीत काट्यावर चढला, तोही अठ्ठावन्न. सत्यजीत म्हणजे नवीन पनवेलच्या बँक मॅनेजरचा मुलगा, माझ्याच आठवड्यात जिमला लागलेला. सरांनी काचेच्या कपाटातून फॉरेनचा डबा काढून आमच्यासमोर ठेवला. डब्यावर एक गोरा माणूस आहे, त्याच्या मानेलासुद्धा दंड आहेत. आत पावडर. दुधातून दोन चमचे घ्यायची आणि त्याच्यासारखं व्हायचं. सत्यजीतने लगेच हो म्हटलं. मी म्हटलं, मला गरज नाही, माझी आई बाजारात सुकी मासळी विकते, घरी सुकट भरपूर असते.

सर म्हणाले, "तरीच बेंचला वास येतो."

सगळे हसले. आभाही हसली. आभा ही सरांची भाची, बी.एस्सी.ला आहे, संध्याकाळी टेबलावर बसून हजेरी लिहिते. खरं तर ती हसली नसावी, तोंडावर रुमाल होता, खोकलीही असेल.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तीन महिने दोघांना सारखाच व्यायाम द्या. तो डबा खाईल, मी सुकट खाईन. कोण जास्त उचलतो ते बघू. सर धंदेवाले, त्यांनी ते वरच्यावर झेललं. माघी गणपतीत मंडळाच्या स्टेजवर सामना ठेवायचा. बेंचवर पाठीवर झोपून दांडा छातीला टेकवायचा आणि एकदा वर ढकलायचा, ज्याचं वजन जास्त तो जिंकला. मी जिंकलो तर डब्यांचं कपाट जिममधून जाणार. हरलो तर एस.टी. स्टँडसमोर सरांचा बोर्ड लागणार. डावीकडे माझा उघड्या अंगाचा फोटो, खाली 'आधी'. उजवीकडे सत्यजीत, खाली 'नंतर'. आणि मधे माझ्या नावाने वाक्य: सुकट सोडा, डबा धरा.

मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर विचार केला. माझं नेहमीचंच आहे हे.

आईची पाटी त्या स्टँडपासून चाळीस पावलांवर असते.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज जिम बंद. आईला पैजेचं सांगितलं, बोर्डाचं नाही. ती सुकटीतली माती पाखडत होती. म्हणाली, "तू काय पयल्यांदा मासली खातस? त्याची पैज कसली?" बाबा नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाहीत. मिठागरावर वीस वर्षं मिठाच्या पाट्या वाहून त्यांनी बोलणं बहुतेक तिथेच सोडलं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण आणखी कुठे लिहिणार. जुलैमध्ये कॅन्टीनमध्ये एक जण आभाबद्दल घाण बोलला. मी त्याचे दोन दात पाडले. प्रिन्सिपॉलनी मला माफीनामा लिहून द्यायला सांगितलं, मी कागद फाडून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि कॉलेज सुटलं. आभाला यातलं काही माहीत नाही. तेव्हा तिला माझं नावही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. केतन बळीराम घरत, हजेरीपत्रकात सतरावा.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज आभा स्वतःहून माझ्याशी बोलली. अकरा मिनिटं. मागे भिंतीवर घड्याळ आहे.

तिला कॉलेजात आहारावर प्रकल्प करायचा आहे, त्यात ती आमची पैज घेणार. रोज आम्ही काय खाल्लं ते विचारणार, आठवड्याला वजन आणि बेंच लिहिणार. तिच्या पुस्तकात कोष्टक आहे. ती बोट फिरवत गेली आणि थांबली. मला म्हणाली, "केतनदादा, सुकटीत शंभर ग्रॅमला साठाच्या वर प्रथिनं आहेत. मटणाच्या तिप्पट." मग अंडी, वाल, दूध, सगळं मांडून तिने माझा हिशेब केला. मला दिवसाला नव्वद ग्रॅम प्रथिनं हवीत. अर्धी वाटी सुकट, चार अंडी, वाटीभर वाल आणि अर्धा लिटर दूध, की काम झालं.

दादा म्हणाली ते मी मनाला लावून घेतलं नाही. टेबलावर बसल्यावर सगळ्यांना मानानेच हाक मारावी लागते. सत्यजीतला मात्र ती नुसती 'सत्या' म्हणते, एकदा तर 'ए सत्या' म्हणाली. म्हणजे त्याची काय किंमत आहे ते कळलं.

वहीत तिने मला 'विषय क्रमांक दोन' लिहिलंय. तिच्या अक्षरात छान दिसतं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

वजन साठ. बेंच पासष्ट. सत्यजीत बासष्ट, पण बेंच तोही पासष्टच.

सुकट आधी भाजायची, मग दोन पाण्यांनी धुवायची, नाहीतर दाताखाली कचकच येते. आई कांदा, कोकम घालून करते. मी घरून निघताना अंगाला दोनदा साबण लावतो. काल आभाने विचारलं, "आज आंघोळ केलीस का?" इतकं बारीक लक्ष कोण कोणाकडे ठेवतं.

सत्यजीत आज आला नव्हता. या आठवड्यात दुसऱ्यांदा. मी अजून एकही दिवस चुकवलेला नाही. चुकवणार कसा? सहा ते आठ ती तिथे असते.

गुरुवार, १२ डिसेंबर

घात झाला.

मार्गशीर्ष लागला हे मी विसरलोच होतो. आज पहिला गुरुवार, आईने घट मांडला. आमच्याकडे मार्गशीर्षात महिनाभर घरात मासळी शिजत नाही, अंडंही येत नाही. बाजारात ती दिवसभर सुकट, बोंबील विकते आणि घरी येऊन हात-पाय धुऊन शुद्ध शाकाहारी. आजपर्यंत मला त्याचं काही नव्हतं. आज ताटात वाल, भात आणि शेंगदाण्याची चटणी.

मी म्हटलं, मला सुकट पाहिजे, मी पैज लावलीय. आई म्हणाली, "मार्गेसर हाय. या घरान मासली नाय शिजनार. जेव मुकाट."

मी ताट ढकललं. जरा जोरात ढकललं गेलं. भात घटापर्यंत गेला. आईने दाणे वेचले. बाबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

गुरुवार, १९ डिसेंबर

वजन एकोणसाठ. बेंच पासष्टवरच अडकलंय. सत्यजीत चौसष्ट किलोचा झाला, गाल वर आलेत. सर त्याला सगळ्यांसमोर उभं करून दंड दाखवायला लावतात, मग मला त्याच्या शेजारी. आत्ताच फोटो काढू का, म्हणाले.

बाहेर अंडी खावीत तर आईने सांगून ठेवलंय, बाहेर खाल्लंस तर घट बसलेल्या घरात आंघोळ करून ये. थंडीत दुसरी आंघोळ. तरी दोनदा केली.

घरी मात्र रोज लोटाभर दूध येतंय. कुठून येतं कोण जाणे. आई म्हणते, मला गुरुवारचा उपास, मला चहा नको, तू पी. बाकी सहा दिवस पण तिला चहा नकोच असतो म्हणे. थंडीत लोकांना चहा आवडतो, हिचं उलटंच.

आज आभा घरी जाताना रिक्षा मिळाली नाही, म्हणून सत्यजीतला तिला स्कूटरवर सोडावं लागलं. गेल्या आठवड्यातही असंच झालं. पनवेलचे रिक्षावाले फार माजलेत.

रविवार, २२ डिसेंबर

हे लिहिताना लाज वाटतेय, पण वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला.

आईचा माल आणायला मोरा बंदरावर गेलो होतो. भामामावशीकडून सुकटीची दोन पोती घ्यायची असतात. धक्क्यावर एक जण बोटीवरच्या खलाशांकडून फॉरेनच्या वस्तू घेऊन विकतो. त्याच्या चादरीवर कॅमेरे, सेंट, आणि तोच गोरा माणूस, मानेला दंड असलेला. मी पुढे गेलो. परत आलो. पुन्हा पुढे गेलो. शेवटी दहावीला बाबांनी दिलेलं घड्याळ काढून दिलं आणि डबा घेतला.

घरी येताना डबा सुकटीच्या पोत्यात दडवला होता. आता झाकणाला वास लागलाय.

डब्यावर दोन चमचे लिहिलंय. माझ्याकडे दिवस कमी आहेत. मी सहा घेणार.

शुक्रवार, २७ डिसेंबर

पोट.

शनिवार, २८ डिसेंबर

सविस्तर लिहिण्यासारखं नाही. आमचा संडास घरापासून लांब, वाटेत काकांचं अंगण. काकी पहिल्या दिवशी विचारत होती कुठे चाललास, आता नुसती बाजूला होते. पोटात ढोल वाजतो. काल जिममध्ये दांडा छातीवर घेतला आणि तसाच परत ठेवला, कारण जोर लावला असता तर पैज वेगळ्याच गोष्टीची झाली असती.

तरी जिम चुकवली नाही. व्यायाम झाला नाही, खुर्चीत बसून राहिलो. आभाने हजेरी लावली.

सहाचे चार चमचे केले.

गुरुवार, २ जानेवारी १९९७

वजन अठ्ठावन्न. जिथून निघालो तिथे. डबा अर्धा संपला.

आज आईने विचारलं, पोट का बिघडलं, वालामुळे का? वाल बाधत असतील तर उद्यापासून मूग करते. मी हो म्हटलं. वालाने काही केलं नव्हतं. मी वालावर ढकललं. ती संध्याकाळी मूग घेऊन आली.

शुक्रवार, ३ जानेवारी

आभाला सगळं सांगितलं.

तिच्या वहीत माझं खाणं खोटं लिहिलं जात होतं, ते मला सहन होईना. जिम रिकामी व्हायची वाट पाहिली. सत्यजीत बाहेर स्कूटरशी काहीतरी खाटखूट करत होता, त्याची गाडी रोज याच वेळेला बिघडते. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं ती उठून जाईल. तिने डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं.

म्हणाली, "यात पहिलं नाव साखरेचं आहे. आणि दोन चमच्यांत सहा ग्रॅम प्रथिनं."

मी विचारलं, सहा म्हणजे किती?

"एका अंड्याइतकी. तू सहा चमच्यांत तीन अंडी खाल्लीस आणि वर वाटीभर साखर. पोट बिघडेल नाहीतर काय."

मग तिने समजावलं. डब्यात विष नाही, जादूही नाही. ज्याला नीट जेवायला मिळत नाही, दूध-अंडं मिळत नाही, त्याने दोन चमचे घेतले तर थोडा उपयोग होईल. पण ज्याच्या घरी वाल, दूध आणि सुकट आहे त्याने त्यासाठी घड्याळ द्यायचं कारण नाही. घड्याळाचं मी तिला सांगितलं नव्हतं, तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. मनगटावरचा पांढरा पट्टा तिला दिसला. माझं मनगट तिला पाठ आहे.

तिने वहीत लिहिलं: विषय क्र. २, २२ डिसेंबर ते २ जानेवारी, डबा. मग वही नेहमीसारखी टेबलाच्या खणात ठेवली. आता हे आम्हा दोघांचं गुपित आहे.

डबा तिथेच सोडला. घरी आलो आणि आईला म्हटलं, वालच कर.

शुक्रवार, १० जानेवारी

मार्गशीर्ष संपला. आईने सुकट केली आणि मी सात भाकऱ्या खाल्ल्या. वजन साठ, बेंच सत्तर. म्हणजे वालावरही चढत होतंच, मीच मधे डबा आणून घाण केली.

सत्यजीत सहासष्ट किलो, बेंच सत्तर. तो या आठवड्यात दोनदाच आला. मी विचारलं तर म्हणाला, "अरे बाबांनी तिसरा डबा आणलाय. एखादा दिवस नाही आलो तरी डबा आहेच की." मुलगा वाईट नाही. मला त्याने त्याच्या डब्यातले बदाम दिले, बदामाचा डबा म्हणतोय मी, तो नाही.

रविवार, २६ जानेवारी

शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी. मडकं उपडं करून वर जाळ केला. मी अंडी आठ खाल्ली, शेंगा मोजल्या नाहीत. बाबा शेजारी बसून शेंगा सोलून माझ्या पानात टाकत होते. एकदम म्हणाले, "पाटी उचलताना आमी पयले श्वास धरायचू. मग पाय रोवायचू. हात मागना."

एवढंच. पण काल दांडा उचलताना मी पाय जमिनीवर नुसते ठेवत होतो, हे मला तेव्हा कळलं.

मंगळवार, २८ जानेवारी

श्वास धरला, पाय रोवले. पंचाहत्तर.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ऐंशी एकदा गेलं, एकदा अडकलं. वजन बासष्ट. सर आता माझ्याकडे हसून बघत नाहीत. आज त्यांनी टेबलाचा खण उघडून आभाची वही बराच वेळ चाळली. भाचीचा अभ्यास घेत असतील. काका-मामांनी असं लक्ष द्यायला हवं.

मला बोर्डाची स्वप्नं पडतात. मी उघडा, खाली 'आधी', आणि आई पाटी डोक्यावर घेऊन खालून जातेय. तिला वाचता येत नाही, पण फोटो दिसतोच ना.

बुधवार, १२ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकदम येईल.

मंडप भरला होता. काल गणेशजयंती झाली, आज सामने. पुढच्या रांगेत पोरं, मागे बायका. सगळ्यात मागे बांबूला टेकून आई उभी होती. मी बोलावलं नव्हतं, तिला कोणी सांगितलं माहीत नाही. पंच म्हणून मंडळाचे कबड्डीचे शिक्षक होते.

सत्यजीतने सत्तर उचललं, मी सत्तर उचललं. पंचाहत्तर दोघांनी. ऐंशीला त्याचा दांडा छातीपासून चार बोटं वर गेला आणि थरथरत खाली आला, दोघांनी धरून काढला. मला ऐंशी उचललं की बास होतं. पण मला त्यात मजा वाटेना. मी पंचांना म्हटलं, साडेब्याऐंशी लावा.

हे मी आजपर्यंत कधी उचललं नव्हतं. माझं नेहमीचंच. पण या वेळी हो म्हणण्याआधी विचार केला होता, पायांचा.

श्वास धरला. पाय रोवले. दांडा छातीला टेकला आणि मधे येऊन थांबला. तिथे मला आभा दिसायला हवी होती, तशी मी तयारी केली होती. दिसली नाही. काहीच दिसलं नाही, नुसता मंडपाचा पिवळा कपडा, आणि मग तो दांडा हळूहळू वर गेला आणि माझी कोपरं सरळ ताठ झाली.

मंडप उठला. सत्यजीतने मला बेंचवरून ओढून मिठी मारली. माझ्या कानात म्हणाला, तू जिंकलास ते बरंच झालं, आता घरचे तो डबा आणणं तरी बंद करतील, त्याची चव भिजलेल्या खडूसारखी लागते.

आणि सरांनी माईक घेतला.

म्हणाले, अभिनंदन. पण मंडळी, एक गंमत ऐका. आपला केतन चोरून आमचाच डबा खात होता. माझ्याकडे लेखी पुरावा आहे, तारखांसकट. तेव्हा हा विजय डब्याचाच. सत्यजीत जिंकला असता तरी डबा, केतन जिंकला तरी डबा. आणि त्यांनी आभाची वही वर धरली.

कोणीतरी शिट्टी मारली. आभा उभी राहिली होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणत होती, "मामा, ती वही माझी आहे." पण माईक तिच्याकडे नव्हता.

माझा हात वर गेला होता. मला माहीत आहे तो कशासाठी गेला होता, सरांनाही कळलं, ते मागे सरकले. त्या हाताने मी माईक घेतला.

मी म्हटलं, "खरं आहे. मी डबा खाल्ला. बारा दिवस."

माझा आवाज कर्ण्यातून मलाच परत ऐकू आला. मग सांगतच गेलो. दोन चमचे लिहिलं होतं, मी सहा घेतले. पुढचे सहा दिवस मी घर आणि संडास यांच्यामधे होतो. काकीला विचारा, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मंडप हसायला लागला, काकी सगळ्यात जास्त. मी म्हटलं, अठ्ठावन्न किलोने सुरुवात केली, डब्याचा पहिला अर्धा संपला तेव्हा पुन्हा अठ्ठावन्न झालो. दोन चमच्यांत एक अंडं आहे. ज्याला घरी अंडं मिळत नसेल त्याने खुशाल घ्यावा. माझ्या घरी आई आहे. मार्गशीर्षात तिने मला वाल दिले आणि मी ताट ढकललं. पोट डब्याने बिघडलं आणि मी वालाचं नाव सांगितलं. ते खोटं होतं.

एवढं बोलून माईक पंचांच्या हातात दिला. त्यांनी माझा हात धरून वर केला. मागे बांबूजवळ आई नव्हती. ती गर्दीतून पुढे येत होती, वाटेतल्या पोरांना कोपराने बाजूला करत. स्टेजखाली आली, माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "मंग मूग कशाला खाल्लंस मेल्या, तुला त आवडत नाय."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल आईच्या पाटीवर सात पोरं येऊन गेली. एक म्हणाला, मावशी, प्रोटीन द्या. आईला वाटलं नवीन मासा आला. आज ती सुकटीला प्रोटीन म्हणूनच ओरडते.

घरी चहा तिघांसाठी झाला. आई दोन कप प्यायली. मी लोट्याकडे पाहिलं आणि महिनाभराचं दूध माझ्या डोक्यात हळूच मोजलं गेलं. तिच्या कपात माझ्यातलं ओतलं.

बाबांनी मिठागराच्या जुन्या गोदामाची चावी आणून माझ्यासमोर ठेवली. आत रुळाचा एक तुकडा आहे, म्हणाले, दोन बाजूला मिठाच्या गोण्या बांध. कशासाठी ते बोलले नाहीत. करंजाडे गावातली चार पोरं संध्याकाळी येऊन बसली होती, त्यांना कोणी सांगितलं तेही बोलले नाहीत.

सकाळी कॉलेजात गेलो. ज्याचे दात पाडले तो भेटला. माईकवर एकदा चूक कबूल करून झाली की साधं सॉरी म्हणायला फार त्रास होत नाही. तो म्हणाला, दात खोटे बसवलेत, आधीच्यापेक्षा बरे आहेत. परीक्षेचा फॉर्म कधी निघतो ते विचारून आलो. अकरा पानं फाडली ती तेवढी परत लिहावी लागतील.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सरांनी बोलावलं म्हणून जिममध्ये गेलो. कपाट होतं तिथेच होतं, डबे भरलेले. बुधवारपासून एकही विकला गेला नाही, हे सरांनीच सांगितलं. दोन जण तर अर्धे डबे परत घेऊन आले.

सर आज गोड बोलत होते. झालं ते विसरून जा, तू डबा खाल्लास तिथे पैज मोडली, मीही बोर्डाचं धरून बसत नाही. आता असं करू. तू इथे शिकवायला लाग, संध्याकाळी सहा ते आठ, पगार देतो. बोर्ड लावू, पण या वेळी तुझा फोटो उजवीकडे, 'नंतर'. हातात डबा. खाली एकच ओळ: सुकटीने झालं नाही ते डब्याने झालं.

मग त्यांनी आभाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, टेबल मोठं आहे, तुम्ही दोघं तिथेच बसाल.

खोटं का लिहू. मी मनात हो म्हणून टाकलं. सहा ते आठ, रोज, एका टेबलावर. एवढं तर मी मागायचं धाडसही केलं नव्हतं. साडेब्याऐंशी किलो याच्यापुढे काहीच नव्हते. आणि ती ओळ काय, सहा शब्दांची. आईला वाचता येत नाही.

आभा खाली बघून तिचा अहवाल लिहीत होती. मी सहज वाचलं. तिने लिहिलं होतं, दोन माणसांवरून आहाराबद्दल काही सिद्ध होत नाही. फरक फक्त एका ठिकाणी ठळक दिसतो: व्यायामाच्या शहात्तर दिवसांपैकी विषय एक बावन्न दिवस हजर, विषय दोन शहात्तर. मला तिने एकेक दिवस मोजलेला पाहून भरून आलं.

मी सरांना म्हटलं, "सहा चमच्यांनी काय झालं ते अख्ख्या पनवेलने ऐकलंय. खाली ते लिहिणार असाल तर काढा फोटो."

सर म्हणाले, विचार कर, रागात बोलू नकोस. मी म्हटलं, रागात नाही. आणि नव्हतोच, मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, पैज मी जिंकलोय. कपाट काढा, नाहीतर राहू द्या, पण माझं नाव सतराव्या ओळीतून खोडा. मिठागराकडे पोरं थांबलीत.

आभा टेबलामागून उठली. "केतनदादा, अहवालात 'विषय दोन' ठेवू की नाव टाकू?"

दादा म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता. बाहेर सत्यजीत स्कूटरवर तिची वाट बघत होता, आज तर रिक्षा समोरच उभ्या होत्या.

मी म्हटलं, "नाव टाक. पूर्ण टाक. आणि खाली सुकट कोणाची तेही लिही. सोनाबाई घरत, पनवेल बाजार."

तिने लिहिलं. मी उभा राहून ते पूर्ण होईपर्यंत वाचलं. मग चपला घातल्या, बाहेर आलो आणि मागे दार लावून घेतलं.